तेरावं कार्ड

९ फेब्रुवारी

जाऊबाई, धाकटीचा नमस्कार.

पत्र कोणाचं आहे हे कळल्यावर फाडणार असाल तर खुशाल फाडा. फक्त आधी एवढी एक ओळ वाचा: तुमची खोली रिकामी झाली आहे.

तुम्ही वस्ती सोडलीत त्यानंतर तिथे सायकलवाला राहिला. बावीस वर्षं तो पलीकडून भिंतीत खिळे ठोकत होता आणि मी अलीकडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. गेल्या महिन्यात तो मुलाकडे कायमचा राहायला गेला. आता पलीकडून काहीच आवाज येत नाही आणि मला करमत नाही.

वस्तीच्या कमिटीची अध्यक्ष सध्या मीच, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. हसू नका. जिला दूध उतू जायच्या आत पातेलं खाली उतरवता येत नव्हतं, ती तुमची धाकटी आज अध्यक्ष आहे. काल खोली उघडून आत गेले. चुलीवरची भिंत अजून काळी आहे, सायकलवाल्यानं दोनदा रंग देऊनही. आणि आपली वीट अजून हलते. आपण दोघींनी सळईनं उकरून सैल केलेली ती वीट, आगपेटी, मीठ, चिमीच्या औषधाची बाटली इकडून तिकडे द्यायला. सासूबाईंनी भोक बघितलं तेव्हा तुम्ही उंदरावर ढकललंत. "उंदीर आगपेटी कशाला नेईल गं?" असं त्या म्हणाल्या आणि आपण दोघी पदर तोंडात कोंबून मागच्या दारानं पळालो. मी काल वीट काढून डोळा लावला. इतक्या वर्षांत तुमच्या बाजूनं माझं घर कधी बघितलंच नव्हतं. माझी शेगडी, माझी मांडणी, सगळं दिसतं हो तिथून.

पत्ता टेंपोवाल्यानं दिला. आपल्या धुलाईघराची गाठोडी आता तुमच्या शहरापर्यंत जातात. तो म्हणाला, एका खाणावळीच्या मागच्या दाराशी तुम्हाला भांडी घासताना बघितलं. तुम्ही त्याला ओळख दिली नाहीत. त्यानं मात्र तुमच्या चालीवरून ओळखलं. एकट्याच राहता म्हणाला. भाऊजी गेल्याचं आम्हाला तेव्हाच कळलं होतं. हे तुमच्या तेव्हाच्या जागेवर येऊन गेले. मला यायचं होतं, पण चिमीची परीक्षा होती.

माझं म्हणाल तर बोटं आखडली आहेत. तीस वर्षं पाण्यात हात, दुसरं काय होणार? धुलाईघरातल्या माझ्या जागेवर दोन वर्षं चिमीच उभी राहते. हो, तुमची चिमीच. सव्वीस वर्षांची घोडी झाली आहे. पाठ तुमच्यासारखी ताठ आणि जीभ माझ्यासारखी, त्यामुळे स्थळं येतात आणि चहा पिऊन जातात. सभासद थकली की तिची जागा मुलीकडे जाते असा आमच्याकडे नियम आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत माझी जागा रीतसर तिच्या नावावर होईल.

आता मुद्द्याचं. खोली कोणाला द्यायची हे पुढच्या महिन्यात वस्ती ठरवणार. तुम्ही परत या. धुलाईघरात तपासणीचं टेबल आहे, तिथे बसून फक्त डाग बघायचे आणि घड्या मोजायच्या. तुमच्यासारखी नजर वस्तीत एकीची नाही.

त्या कार्डांच्या दिवसाचा राग अजून असेल तर एकदा माझी बाजू ऐका. तुमच्या घरातून रोज दोन वेळा कालथा वाजायचा. भिंतीतून मला ऐकू यायचा. मला वाटायचं, यांचं बरं चाललंय. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

उत्तर पाठवा. लिहायला कोणी नसेल तर नुसती 'येते' एवढी खूण टेंपोवाल्याजवळ सांगितलीत तरी पुरे.

तुमची धाकटी

ता. क. अक्षर माझंच आहे. धुलाईघरात दुपारी शिकवणी लागायची, तिथे शिकले. ओळी वाळत घातलेल्या दोरीसारख्या मध्येच खाली येतात, त्याला इलाज नाही.


२ मार्च

जाऊबाई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे तुम्ही तशाच आहात. बरं वाटलं.

आज लॉजच्या चादरी वाळत घातल्या होत्या. चिमी आणि इस्त्रीवालीची सून घड्या घालत होत्या. दोघींचं काही जुळत नव्हतं. एक ओढते तर दुसरी सोडते. मला राहवलं नाही. मी ओरडले, "अगं, आधी एकमेकींकडे बघा, मग चादरीकडे." बोलून गेले आणि माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे.

आठवतं ना? तेव्हा धुलाईघर नव्हतं. लॉजची गाठोडी आपण घरीच धूत होतो, सार्वजनिक नळावर पहाटे नंबर लावून. नीळ तुम्ही घालायच्या, कारण मी घातली की चादरी आभाळाच्या रंगाच्या व्हायच्या. दुपारी मागच्या मोकळ्या जागेत आपण दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरून उभ्या राहायचो. झटकायची, ताणायची, मग चालत चालत एकमेकींजवळ यायचं. टोकं तुमच्या हातात दिली की मी खाली वाकून दुमड उचलायची. पुन्हा जवळ. चिमी मधल्या कापडाखाली बसून राहायची आणि आपण जवळ आलो की "मोठी आई, सापडले!" म्हणून ओरडायची. रोज तोच खेळ आणि रोज तुम्ही दचकायच्या. एकदाही दचकायला विसरला नाहीत. पोटचं मूल नव्हतं तुम्हाला, पण माझ्या पोरीला दोन आया होत्या.

झोळीवाल्या बाई आपल्याकडे आल्या तेव्हाची गंमत मी नव्या पोरींना नेहमी सांगते. खांद्याला झोळी, पायात झिजलेल्या चपला, आणि आल्या आल्या काय म्हणाल्या? "तुमच्यात गरीब कोण हे मी ठरवणार नाही. तुम्हीच ठरवा." आपल्याला वाटलं, बाईंना काम करायचा कंटाळा असणार. त्याआधी आलेले सगळे साहेब वही घेऊन दारात उभे राहायचे, घरात किती भांडी ते मोजायचे आणि पुढे काखा वर करायचे. या बाई जमिनीवर बसल्या. खडूनं वस्तीचा नकाशा आपल्याकडूनच काढून घेतला. मग प्रत्येक घराचं एक कार्ड केलं. वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीनं आपल्या घराची खूण काढायची. मी चिमणी काढली. तुम्ही छत्री काढलीत, कारण अख्ख्या वस्तीत धड छत्री तुमचीच होती आणि पावसाळ्यात ती घरोघरी फिरायची.

ढिगांना नावंही आपणच दिली. ज्यांचं आज अडलंय त्यांचा रडका ढीग, कसंबसं चाललंय त्यांचा कुढता, आणि बरं चाललंय त्यांचा हसरा. हसऱ्यात फक्त दुकानदाराचं कार्ड गेलं आणि तो बिचारा खरंच रडायला लागला होता. रडक्या ढिगातल्या घरांना धुलाईघरात पहिली जागा मिळणार होती. बारा दगड, बारा नळ, गरम पाण्याची टाकी आणि लॉजवाल्यांशी बाईंनीच केलेला करार.

तुमचं कार्ड कुढत्या ढिगात गेलं. त्या दिवशी तुम्ही बैठकीला नव्हता. तुम्ही असता तर तुम्ही स्वतःच सांगितलं असतं, आम्हाला रडक्यात घालू नका. तुमचा ताठा मला माहीत नव्हता का? चाळीस घरांदेखत रडक्या ढिगात छत्री पडलेली तुम्हाला आवडली नसती. तुमची लाज राखायला मी ते केलं. हे मी तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही भिंतीतल्या त्या भोकात आतून बोळा कोंबलात.

बैठक अठ्ठावीस तारखेला आहे. एक अडचण आहे ती सांगून ठेवते. 'आपल्या मर्जीनं वस्ती सोडणाऱ्याला पुन्हा जागा नाही' असा नियम मागे केला गेला. तुमच्या नावापुढे कागदावर तसंच लिहिलं आहे. पण अध्यक्ष मी आहे, काहीतरी गोड बोलून काढता येईल.

तेवढं उत्तर पाठवा हो.

तुमची धाकटी


१४ मार्च

जाऊबाई,

तुमचं पोस्टकार्ड आलं. दुसऱ्याच्या हातचं अक्षर, पण शब्द तुमचे. एकच ओळ: "कालथ्याचा आवाज तुला कळत होता."

चार दिवस ते कार्ड उशीखाली ठेवून झोपते आहे. आज रविवार. चिमी बाहेर गेली आहे, हे कट्ट्यावर पेपर वाचत बसले आहेत. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

हो, कळत होता. कढईत काही असलं की कालथा दबून वाजतो. रिकाम्या कढईत वाजला की खणखणतो. तुमच्याकडून तीन महिने खणखणाट येत होता. वास नाही, चुरचुर नाही, नुसता कालथा. जेवायच्या वेळेला तुम्ही तो वाजवत होता, घरात काही नाही हे आम्हाला कळू नये म्हणून. आणि मी अलीकडे बसून माझ्या पोरीला भरवत होते आणि तुम्हाला हाक मारत नव्हते, कारण हाक मारली तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. ती तुमची लाज मी राखली असं मी स्वतःला सांगत आले. तेव्हा ते थोडंसं खरंही होतं. पण आमच्या पातेल्यातही फार नव्हतं, आणि हाक मारली असती तर वाटून घ्यावं लागलं असतं. तेही तेवढंच खरं आहे.

आधीच्या दोन पत्रांत मी दोन कारणं दिली. एकात म्हटलं, मला वाटलं तुमचं बरं चाललंय. दुसऱ्यात म्हटलं, तुमची लाज राखली. दोन्ही एका वेळी खरी कशी असतील? काल दोन्ही पत्रं मनातल्या मनात पुन्हा वाचली आणि माझी मलाच शरम वाटली.

आता जसं घडलं तसं लिहिते.

त्या सकाळी चिमी तापानं फणफणली होती. चार वर्षांची पोर, डोळे उघडत नव्हती. बैठकीला प्रत्येक घरातून एकीनं यायलाच हवं असं झोळीवाल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. मी रडायला लागले. तुम्ही चिमीला माझ्या हातातून घेतलंत, छत्री उघडलीत आणि म्हणालात, "मी नेते हिला दवाखान्यात. तू जा बैठकीला. तुला बोलता येतं. भिंत एकच आहे, माझंही तूच सांग."

माझंही तूच सांग. तुम्ही त्या दिवशी बैठकीत का नव्हता हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. चिमीलासुद्धा नाही.

बैठकीत रडक्या ढिगात तेरा कार्डं जमली. त्यात चिमणी होती आणि छत्रीही होती. नळ बारा. बाई म्हणाल्या, "एक कार्ड कुढत्या ढिगात जाईल. कोणतं, ते तुम्हीच ठरवा." आणि त्या गप्प बसल्या. त्यांची तीच पद्धत होती, आपण बोलेपर्यंत गप्प बसायचं. कोणी कोणाकडे बघेना. इस्त्रीवाली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मला वाटायला लागलं की सगळ्या चिमणीकडे बघताहेत, कारण आमच्या ह्यांना तेव्हा आठवड्यातून दोन दिवस तरी हमाली मिळत होती आणि भाऊजींना काहीच नव्हतं. मी पुढे झाले आणि छत्री उचलली. म्हणाले, "आमच्या भाऊजींना गोदामात परत घेतलंय. जाऊबाईंनीच मला सांगायला सांगितलंय."

तुमच्या तोंडचं म्हणून सांगितलं. तुम्ही दिलेला शब्द तुमच्यावरच चालवला.

बाईंनी विचारलं, "नक्की ना?" मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी तुम्ही आलात. ओली छत्री दाराला टेकवलीत, झोपलेली पोर माझ्या खांद्यावर दिलीत आणि म्हणालात, "ताप उतरलाय. घे." दिवसभर तुम्ही काही खाल्लं होतं का हे मी विचारलं नाही. कार्डाचंही बोलले नाही. ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी नळावर कळलं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. धुलाईघर सुरू झालं आणि लॉजवाल्यांनी सगळी गाठोडी तिकडेच द्यायला सुरुवात केली. गरम पाणी, पक्की इस्त्री, वेळेवर माल. घरी धुणारीला कोण विचारतो? पूर्वी निदान निम्मी गाठोडी तुमची होती, तीही गेली. आम्हा बाराजणींना वर काढताना तेरावीच्या हातातलं होतं तेही काढून घेतलं गेलं. सहा महिन्यांनी तुम्ही टेंपोत सामान भरलंत. कढई सगळ्यात वर होती. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकत होते, बाहेर आले नाही. बोळा ढकलून बघायचीही हिंमत झाली नाही.

आणि भाऊजी गेले तेव्हा चिमीची परीक्षा नव्हती. सुट्टी होती.

रोज चादरी बघते तेव्हा तुमची आठवण येते हे काही खोटं नाही. त्या घड्या, ती नीळ, ते दचकणं, सगळं जपून ठेवलं आहे. पण आठवणी काढताना मी नेहमी त्या सकाळच्या अलीकडेच थांबायचे. त्यामुळे सगळं फार गोड वाटायचं.

गोड बोलून नियम काढता येईल असं मी लिहिलं होतं. नाही येणार. तुम्ही मर्जीनं गेला नाहीत, हे सांगितल्याशिवाय तुमचं कार्ड पुन्हा जमिनीवर येणार नाही. आणि ते सांगायचं तर माझी जागा खोटं बोलून मिळवलेली ठरते. खोट्यानं घेतलेली जागा मुलीला जात नाही, हाही नियम आहे. तो मीच अध्यक्ष झाल्यावर टेबलावर हात आपटून पास करून घेतला होता. चिमी दोन वर्षं त्या जागेवर राबते आहे. तिला दुसरं काही येत नाही.

काय करू हे तुम्हाला विचारत नाही. तेवढा हक्क मला नाही.

धाकटी


२९ मार्च

जाऊबाई,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुम्ही बघतच आहात. आणणारीला जरा वेळ उभं राहू द्या. आधी वाचा. वाचता येत नसेल तर तिच्याकडूनच वाचून घ्या, तिला सगळं माहीत आहे.

काल बैठक झाली. झोळीवाल्या बाई आता थकल्या, त्यांच्या जागी एक चष्मेवाली पोरगी येते. तिनं जुनं पाकीट कपाटातून काढलं. बावीस वर्षांपूर्वीची कार्डं, कडा पिवळ्या झालेल्या. खोली कोणाला द्यायची यावर बोलणी सुरू झाली. दोघीतिघींचे भाचे, पुतणे रांगेत होतेच. मी उभी राहिले. शेजारणीला वाटलं मला चक्कर येतेय, तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी सगळं सांगितलं. चिमीचा ताप, छत्री, "माझंही तूच सांग", गोदाम, सगळं. चिमी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं होतं आता शिव्या पडतील. त्याऐवजी इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, गोदाम तेव्हा बंद पडलं होतं. आमच्या घरचे सगळे तिथेच होते की कामाला. बंद गोदामात कोण कोणाला परत घेणार? तू खोटं बोलतेयस हे आम्हाला त्याच घडीला कळलं."

मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

ती म्हणाली, "बोललो असतो तर तेरावं कार्ड माझं असतं."

जाऊबाई, इतकी वर्षं मला वाटायचं की हे ओझं माझं एकटीचं आहे. ते आम्हा बाराजणींत वाटलेलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलं कोणाला दिसत नाही. फसल्या त्या एकट्या झोळीवाल्या बाई, कारण त्या वस्तीच्या नव्हत्या. त्यांचा आपल्यावर विश्वास होता हो.

मग माझी कार्टी पुढे आली. डोळे लाल, आवाज मात्र खणखणीत. म्हणाली, "तेव्हा नळ बारा होते म्हणून तेरावीला घालवलंत. एका नळावर दोघी उभ्या राहिल्या असत्या तर नळ काय झिजला असता?"

खरंच सांगते, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. सार्वजनिक नळावर चाळीस घरं पाणी भरत होती, आपण दोघी एका चुलीवर पाणी तापवत होतो, एका पोरीला दोघी वाढवत होतो. आणि बारा नळ म्हटल्यावर बाराच बायका, असं आम्ही धरून चाललो. गरीब कोण ते ठरवा म्हटल्यावर आम्ही इतक्या मन लावून ठरवत बसलो की वाटून घ्यायचं राहून गेलं.

सगळं गोडीत झालं असं समजू नका. दोघी तावातावानं निघून गेल्या. दुकानदाराची सून म्हणाली, आता काय प्रत्येक नळावर खानदान उभं करायचं का? चांगली तासभर तणतण झाली. शेवटी ठरलं ते असं. खोट्याचा नियम बाजूला ठेवून चिमणीची जागा आता चिमणी आणि छत्री या दोन घरांची. खोली तुमच्यासाठी तीन महिने बंद ठेवायची. कागदावरचं 'मर्जीनं' खोडायचं. ते चष्मेवालीनं माझ्यासमोर खोडलं. आणि मी अध्यक्ष राहायचं नाही. हे शेवटचं इस्त्रीवालीनंच मांडलं आणि मीही हात वर केला. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या जुडग्याची मला फार ऐट होती. घरी आल्यावर रडले. ह्यांनी चहा केला, तोही पाणचट.

चिमी काल माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आज सकाळी पिशवी भरून उभी राहिली. म्हणाली, "पत्ता दे." मी म्हटलं, थांब, चार ओळी लिहून देते. तेच हे पत्र. आम्ही दोघी कधी नीट बोलू ते माहीत नाही. तिचा राग वाजवी आहे.

तिच्या पिशवीत तुमचं छत्रीचं कार्ड आहे. ते कुठल्या ढिगात ठेवायचं, की चुलीत घालायचं, ते आता तुमचं तुम्ही ठरवा. यायचं नसेल तर येऊ नका. माझ्यासाठी तर मुळीच येऊ नका. मी पलीकडे राहते म्हणून खोली नको असेल तर वीट सिमेंटनं बुजवून देईन, हाक मारणार नाही, समोर आलात तर बाजूला होईन. पण नाही म्हणायचं असेल तर या पोरीला म्हणा. मला पत्रातून नाही म्हणणं सोपं आहे. तिच्या तोंडाकडे बघून म्हणून दाखवा.

आणखी एक. तिला चादरीची घडी अजून नीट येत नाही, टोकं जुळवायची घाई करते. मी शिकवू शकले नाही. मला फक्त दुसरी दोन टोकं धरता येत होती, पहिली दोन नेहमी तुमच्याकडे असायची.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात उभ्या होता, उपाशी, भिजलेल्या, माझी पोर खांद्यावर घेऊन. म्हणालात, ताप उतरलाय, घे. मी घेतली आणि दार लावून घेतलं.

आज ती तुमच्या दारात उभी आहे. घ्या.

धाकटी